अकरा मैलांचा वळसा

मंजिरी गेल्याची बातमी मला डेलने दिली, याचं अजूनही नवल वाटतं. मार्चमधली सकाळ होती. नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या गाडीत मी नुकतीच बसले होते आणि फोनवर आयोवातला एक अनोळखी नंबर आला. स्पॅम असेल म्हणून कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा एक जाड, संथ आवाज म्हणाला की मी डेल, मंजिरीच्या गावाजवळ माझी शेती आहे, तिच्या फ्रिजवर तुमचा नंबर लावलेला होता म्हणून फोन करतोय. मग त्याने एकेक करत सांगितलं. ती कामावर आली नाही म्हणून ऑफिसातलं कुणीतरी घरी बघायला गेलं होतं. स्वयंपाकघरात पडलेली सापडली. हार्ट. बावन्न वर्षांची होती. मी विचारलं, डेल म्हणजे पुलाचा डेल का? तो म्हणाला, "हो, तोच."

या माणसाने पाच वर्षं मंजिरीशी एक शब्दही बोलायचं टाळलं होतं. त्याच्याच तोंडून मला हे कळावं... आता त्या फोनला सहा आठवडे झाले. आमच्या इथल्या मराठी मंडळींत मंजिरी फार कुणाला ठाऊक नाही. गणपतीला ती कधी आली नाही, कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्हती. जे तिला दोन-चारदा भेटले त्यांना ती आयोवातल्या मक्याच्या रानात एकटी राहणारी विक्षिप्त बाई वाटे. तशी ती नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख आयोवातल्याच एका युनिव्हर्सिटीत झाली. दोघी सिव्हिलच्या, दोघी मास्टर्सला, एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचो. मी पुण्याची, ती मिरजेची. तिचे वडील रेल्वेत पुलांच्या देखभालीवर होते. सुट्टीच्या दिवशी ते तिला कृष्णेवरच्या पुलाजवळ घेऊन जात, आणि गाडी वरून जाताना डोळे मिटून ऐकायला लावत. निरोगी पूल एका सुरात वाजतो, असं त्यांचं म्हणणं. हे ती इतक्या साधेपणाने सांगायची की हसू यायचं नाही. मी मात्र तेव्हाच सॉफ्टवेअरचे दोन कोर्स घेऊन ठेवले होते. आमच्या बॅचमधले जवळजवळ सगळेच पुढे आयटीत गेले, काही बेलव्ह्यूला, काही मॉरिसव्हिलला, मी नेपरव्हिलला. मंजिरीने नोकरी घेतली ती मिसिसिपीपासून थोड्या अंतरावरच्या एका काउंटीच्या रस्ते खात्यात. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखी. व्हिसाचं बघायला तयार असलेली तेवढी एकच जागा होती, आणि ती घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आम्हाला वाटलं वर्षभरात कंटाळून निघेल. ती सव्वीस वर्षं राहिली.

पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला आपल्या पिकअपमध्ये घालून दिवसभर हिंडवलं. खडीचे सरळसोट रस्ते, दर मैलावर चौक, दोन्हीकडे मका नाहीतर सोयाबीन, आणि लांबून दिसणारी धान्याची उंच कोठी आली की समजायचं गाव आलं. गाव म्हणजे चर्च, पोस्ट, एक बार, आणि बंद पडलेली शाळा. जमीन सपाट वाटते, पण बारके बारके ओढे तिला कापत नदीकडे जातात आणि प्रत्येक ओढ्यावर पूल. "ही सगळी माझी पोरं," ती म्हणाली. शंभर वर्षांपूर्वी घोडागाड्यांसाठी बांधलेले लोखंडी पूल, आणि त्यांच्यावरून आता मक्याने भरलेले अजस्र ट्रक. मका नदीकाठच्या शहरात जातो, तिथे बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू नौकांत भरतात आणि नदीने खाली जातो. गावं सगळी त्या नदीच्या जिवावर, पण नदीपर्यंत पोचायला आधी ओढा ओलांडावा लागतो, हे तिने मला त्या दिवशी समजावलं. संध्याकाळी नदीवर नेलं. डॅव्हनपोर्टच्या वरच्या बाजूला कुठेतरी, पाणी गढूळ, रुंद. "कृष्णेचीच मोठी बहीण," एवढंच म्हणाली.

ज्या पुलावरून पुढचं सगळं घडलं तो डेलच्या शेताच्या तोंडाशी होता. डेल आणि त्याची बायको रूथ, मुलं लांब गेलेली, चारशे एकरांवर दोघंच. तो पूल ओलांडला की हायवे, आणि हायवेने नदीकाठचं शहर. एका उन्हाळ्यात तपासणी करताना मंजिरीला पुलाच्या एका सांध्याचा संशय आला. पट्ट्यांना जोडणारी मनगटाएवढी पिन असते, ती आतून झिजली असावी असं तिला वाटलं. उघडून बघायची तर पूलच सुटा करावा लागणार. नियमाप्रमाणे वजनाची मर्यादा घालून, पाटी लावून पूल चालू ठेवता आला असता. पण हंगामात पाटी कोण वाचतं? तिने पूल बंदच केला. दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे टाकले. डेलला हायवेला लागायला अकरा मैलांचा वळसा पडू लागला.

फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सभा झाली. लोक तिच्यावर ओरडले नाहीत, तिथले लोक ओरडत नाहीत. डेल उठला आणि शांतपणे म्हणाला की माझे आजोबा या पुलावरून गेले, वडील गेले, मी रोज जातो. तुझं घर कुठेतरी लांब आहे, तुला तो ओलांडायचा नाही. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी भडकले. ती म्हणाली, "अगं, चूक काय बोलला? मला खरंच ओलांडायचा नाहीये." मी नेहमीचं सुरू केलं, की इकडे ये यार, काय त्या खेड्यात पडली आहेस, तुला इथे आरामात जॉब मिळेल. तिने विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, भर दुपारी रूथला स्ट्रोक आला. डेल शेतातून पाणी प्यायला घरी आला म्हणून त्याला ती व्हरांड्यात पडलेली दिसली. त्याने फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स नदीकाठच्या शहरातून निघाली, आणि चालक नवखा असावा, तो जुन्या रस्त्याने सरळ पुलापाशी आला. डेल व्हरांड्यातच रूथचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, त्याला अ‍ॅम्ब्युलन्सचे दिवे दिसले. ते ठोकळ्यांपाशी थांबले, मागे वळले, आणि मक्याआड दिसेनासे झाले.

रूथ वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अ‍ॅम्ब्युलन्स थोडी आधी पोचली असती तर काही फरक पडला असता का, हे कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मंजिरीने पिकअप काढली, पुलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत वळशाने गेली, आणि मला फोन केला. "चौदा मिनिटं, सुप्रिया," ती म्हणाली. मी म्हटलं, तू नियमाने केलंस. तर म्हणाली, "नियम दोन्हीला होता गं. बंद करायलाही, चालू ठेवायलाही. ठरवलं मी." मी समजूत घालत राहिले. ती ऐकत राहिली. माझ्या लक्षात आलं की ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर डेलने तिच्याशी बोलणं सोडलं. छोट्या गावात हे सोपं नसतं. पेट्रोल पंपावर, पोस्टात, बर्फ पडल्यावर रस्त्याकडेला गाडी अडकली की माणसं समोर येतातच. तो मान फिरवून जायचा. मंजिरी दर वर्षी नव्या पुलाचा प्रस्ताव घेऊन काउंटीपुढे उभी राहायची आणि दर वर्षी तो मागे पडायचा, कारण त्या रस्त्याला वाहतूक कमी. तिला दोनदा दुसरीकडून चांगल्या नोकऱ्या आल्या, एक तर डब्यूकला, नदीच्याच काठावर. गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तो पूल उभा करून मग बघू." मी त्या काळात तिच्याकडे फारशी गेले नाही, हेही लिहायला हवं. मुलीची शाळा, माझी नोकरी, अडीच तासांचा ड्राइव्ह... कारणं होती. खरं म्हणजे ती उदास झाली होती आणि मला त्या उदासीचं काय करावं ते कळत नव्हतं.

डेलने बोलणं सोडल्याला पाच वर्षं होत आली तेव्हा नवा पूल मंजूर झाला आणि जुना उतरवायला क्रेन आली. त्या आठवड्यात तिचा फोन आला. ज्या पिनच्या भीतीने तिने पूल बंद केला होता ती पिन धड निघाली होती. आणखी वीस वर्षं टिकली असती. पण पलीकडच्या बाजूची एक पट्टी, जिच्यावर तिने दर तपासणीत 'ठीक' असा शेरा मारला होता, ती आतल्या बाजूने जवळजवळ आरपार तडकलेली होती. म्हणजे पूल खरोखरच धोक्याचा होता, पण तिला जे दिसलं होतं त्यामुळे नव्हे. जे दिसलंच नव्हतं त्यामुळे. मी म्हटलं, चला, शेवटी तूच बरोबर ठरलीस, सुटलीस. ती म्हणाली, मी डेलला सांगायला जाणार आहे. सगळं. मी तिला परोपरीने समजावलं. कशाला सांगतेस, उद्या केस केली तर, नोकरी जाईल, पट्टी तुटलेली होती एवढं सांग आणि गप्प बस. ती म्हणाली, "त्याला अर्धं सांगू?" चार दिवसांनी विचारलं तर एवढंच कळलं, की सांगून आले.

तिथे काय झालं ते मला आत्ता मार्चमध्ये कळलं, डेलकडून. मंजिरीचा भाऊ मिरजेहून येऊ शकला नाही, तो व्हिडिओवर होता. अंत्यविधी नदीकाठच्या शहरात झाला. मग मी तिचं घर आवरायला थांबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेल आणि रूथ आले. रूथ डाव्या हातात काठी घेऊन, डेलच्या आधाराने, पायऱ्या एकेक करत चढली. डेल दारातच टोपी काढून उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, मानेवर उन्हाच्या रेघा पडलेला माणूस. खोकी भरता भरता तो हळूहळू बोलू लागला.

मंजिरी फोटो घेऊन त्याच्या अंगणात आली होती. त्याने तिला आत बोलावलं नव्हतं. तिने उभ्याउभ्याच दोन्ही फोटो दाखवले. ही पिन, माझा अंदाज चुकला. ही पट्टी, मला दिसायला हवी होती, दिसली नाही. पूल बंद होण्याआधी तू वर्षानुवर्षं त्याच्यावरून ट्रक नेलेस आणि मी नेऊ दिले. डेलने तिला एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स पुलावरून गेली असती, तर पूल टिकला असता का?

"आणि ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मला माहीत नाही." डेल खोक्याकडे बघत होता. "म्हणाली, टिकला असता कदाचित. मी पाच वर्षं रोज हाच हिशेब करतेय, आणि मला माहीत नाही." त्याने खोक्याची झाकणं मिटली. "त्या पाच वर्षांत मला उत्तरं देणारे पुष्कळ भेटले होते. वकील, पाद्री, माझा भाऊ... प्रत्येकाला नक्की माहीत होतं. हिने ते पूल बनवलेले, मोडलेले, सगळे पाहिलेले, आणि हीच म्हणाली माहीत नाही."

मग त्याने तिला आत ये म्हटलं. ती गेली. रूथ खुर्चीत बसली होती. मंजिरी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिचा उजवा, न हलणारा हात धरून राहिली. काय बोलली ते डेलला समजलं नाही, कारण ती मराठीत बोलत होती. त्यानंतर दर रविवारी, मरेपर्यंत, मंजिरी त्यांच्याकडे जात होती, नाहीतर ती दोघं तिच्याकडे चहाला येत. तीन वर्षं. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

माझे डोळे भरले, तेव्हा डेल उठून स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं पाणी आणतोय. पण त्याने न विचारता बरोबर कपाट उघडलं, छोटं पातेलं काढलं, आलं किसलं, मागच्या फळीवरचा चहापत्तीचा डबा काढला. त्याच्या जाडजूड बोटांना हे सगळं सवयीचं होतं. मिरजेला तिच्या आईकडे चहा असाच होतो, दूध घातल्यावर वर येऊ द्यायचा, खाली बसू द्यायचा, परत येऊ द्यायचा, असं तीनदा. डेल पातेल्यावर वाकून उभा होता. चहा एकदा वर आला, त्याने गॅस बारीक केला. दुसऱ्यांदा आला, आणि तो पातेलं उतरवायला लागला तेव्हा टेबलाशी बसलेल्या रूथने मान हलवली. डावा हात उचलून एक बोट दाखवलं.

"अजून एकदा," डेल म्हणाला, आणि त्याने पातेलं परत गॅसवर ठेवलं.