तो नाही, ते म्हणावं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण परवा वारज्यातल्या एका शाळेत मी पुन्हा खोटं बोलले — आणि या वेळी ते पचलं नाही.

निवृत्तीनंतर मी शाळाशाळांतून शिक्षकांना मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा समजावून सांगते. पूर्वी असं काही कानावर आलं तर कळवायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर होतं. नव्या कायद्याने ती पळवाट बंद केली. मी फळ्यावर लिहिते — ‘कळलं आणि कळवलं नाही, तर तोही गुन्हा.’ छान वाक्य आहे ना? मराठीची बाई होते मी, वाक्यं जमतात मला.

परवा एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “मॅडम, तुमच्यावर कधी आली का अशी वेळ?”

“नाही,” मी म्हणाले. “सुदैवाने नाही.”

आली होती. सातवीतली मुलगी — नाव लिहीत नाही, तेवढा हक्क मला नाही. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली, रिबिनीचं टोक चावत. “बाई, गणिताचा सर मला एकटीलाच थांबवतो. तो मला —”

आणि मी काय केलं? तिचं व्याकरण सुधारलं. “तो नाही, ते म्हणावं. सर आहेत ना? मोठ्यांबद्दल असं बोलतात का?” आमच्या पुण्यात आदरार्थी बहुवचन चुकलं की लोक थेट संस्कार काढतात, मीही तेच केलं.  मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते... काही नाही, बाई.”

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. त्यांच्या वर्गात एकटं थांबायला मुली का-कू करतात, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांचा शब्द संस्थेत चालायचा, आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. तिचं वाक्य पुरं होऊ नये, एवढंच मी पाहिलं. मी कायम झाले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. सर पुढे बरीच वर्षं शिकवत राहिले — किती मुलींना, ते मी कधी मनात आणलं नाही. त्यांच्या निरोप समारंभात भाषणही मीच केलं, सगळे ‘ते’ जागच्या जागी.

तेव्हा हा कायदा नव्हता, असं म्हणता येईल. म्हणत नाही. मूल सांगायला आलं तर ऐकून घ्यावं, याला कायदा लागतो?

आणि बघा — वर मी ‘त्यांचा शब्द’, ‘शिकवत राहिले’ असंच लिहून गेले आहे. खोडत नाही, दिसू दे. तो त्या मुलीला एकटीला थांबवायचा. ती मला सांगायला आली होती. तिचं व्याकरण बरोबर होतं.