ठेवून राहिली होती

एका कादंबरीने मला प्रामाणिक केलं. हे वाक्य मी शाळांच्या कार्यक्रमांत, वाचनालयांच्या उद्घाटनांना, एकदा तर पतसंस्थेच्या हळदीकुंकवालाही म्हटलं आहे, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या आहेत. कादंबरी खरी आहे. तिच्यातली पंधरा वर्षांची मुलगी खोटं बोलते, त्या खोट्यासोबत राहून हळूहळू शहाणी होते आणि शेवटी भरल्या घरासमोर खरं सांगते, हेही खरं. फक्त ती कादंबरी मी चोरली होती, हे कुठल्या व्यासपीठावर सांगितलेलं नाही. व्यासपीठाचं सोडा — कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगते.

चोरी हा त्यातला लहान भाग आहे. तो आधी उरकून घेते.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या बाजूला. शाळेत हेडमास्तरांच्या ऑफिसात पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याला कायम कुलूप. वाचली की पुस्तकं खराब होतात, असं शाळेचं मत होतं. तपासणीच्या आधी ती पुसायला आम्हा नववीच्या पोरींना कपाट उघडून दिलं, तेव्हा मी ही कादंबरी ओढणीखाली घातली. घरी धानाच्या पोत्यांमागे बसून वाचली. शेवटी रडले. चोरलेल्या पुस्तकातल्या मुलीचा खरेपणा वाचून रडू येणं यात काही विचित्र आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही. कशाला वाटेल? रडताना माणूस स्वतःला चांगलाच समजत असतो.

मग ती मी ललिताला वाचायला दिली. ललिता माझ्या बाकावरची, आमच्या शेजारच्या घरातली. ती अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात कळलं की कपाटातली पुस्तकं मोजणार आहेत. मी धावत तिच्याकडे गेले. ललिता हसली.

"काऊन भिऊन राहिली वं तू? हापिस झाडायची पाळी माहीच आहे. किल्ली तिथंच टांगून राहते. ठेवून देईन मी."

ठेवताना ती सापडली. कपाट उघडं, हातात पुस्तक. हेडमास्तर पुण्याकडून नुकतेच आलेले होते. मी वर्गप्रमुख, हजेरी द्यायला नेमकी त्याच वेळी आत गेलेली. खोलीत आम्ही तिघंच.

"हे पुस्तक तुझ्याकडे कसं?" सरांनी विचारलं.

"मी ठेवून राहिली होती, सर."

आमच्याकडे याचा अर्थ होतो — मी ठेवत होते. जागेवर परत ठेवत होते. सरांच्या मराठीत तो अर्थ नव्हता. त्यांना ऐकू आलं ते असं, की पुस्तक घेतलं आणि ठेवून घेतलं.

"ठेवून राहिली होतीस? किती दिवस?"

"किती दिवस काय, सर? आत्ताच तं ठेवून राहिली होती."

हा त्यांना उद्धटपणा वाटला. मग ते माझ्याकडे वळले. वक्तृत्वात पहिली येणारी, शुद्ध बोलणारी मुलगी म्हणून ते माझं नाव वर्गावर्गांत घेत असत.

"काय गं, ही नक्की म्हणते काय?"

दोन्ही मराठी येणारी त्या खोलीत मी एकटीच होते. एक वाक्य पुरलं असतं. त्यानंतरचा प्रश्न मात्र असा आला असता, की मग पुस्तक नेलं कुणी? त्या प्रश्नाला मी घाबरले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण तेवढंच होतं का? नाही. त्याच्याही आधी माझ्या मनात आलं होतं, की हा अर्थ सांगायचा तर आमच्या घरी असंच बोलतात, हे सांगावं लागेल. सरांसमोर. शुद्ध बोलणाऱ्या मुलीने. चोर ठरण्याइतकीच — की त्याहून जास्त — मला त्याची लाज वाटली.

मी म्हणाले, "ठेवून घेतलं होतं म्हणते, सर."

ललिताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी शब्द चुकले आहे आणि आता सुधारेन, अशा नजरेने ती थांबली. मी हजेरी टेबलावर ठेवली आणि वर्गात गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर सत्यावर बोलले. बरंच बोलले. ललिताच्या बाबांना बोलावलं होतं. ते तिला घेऊन गेले. पोरीला चोरटी म्हणवून घ्यायला शाळेत कशाला पाठवू, असं ते म्हणाल्याचं आईने सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात ललिता बायांसोबत धानाच्या रोवणीला होती. मी दहावी झाले, कॉलेजला गोंदियाला आले, पुस्तकं लिहिली, शाली जमवल्या. पुस्तक कुणी काढलं होतं, हे ललिता कधी कुणापाशी बोलली नाही. का नाही बोलली? विचारण्याचं धाडस मला झालेलं नाही.

मागच्या वर्षी दवनीवाड्याला एका शाळेत पाहुणी म्हणून गेले. ललिता लग्न होऊन त्याच गावात गेली आहे, तिचं किराण्याचं दुकान आहे, हे मला माहीत होतं. तरीही माझं ते वाक्य मी म्हटलं. पहिलंच म्हटलं. ती बायांच्या रांगेत नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

नंतर चहाच्या टेबलापाशी आली.

"अच्छं बोलते वं तू. लई मोठी झाली." मग जवळ सरकून म्हणाली, "मी अर्ध्यावरच होती न तेव्हा. त्या पोरीनं सांगतलं काय मंग शेवटी?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"अन् ते कामवाल्या बाईची पोरगी? जिच्यावर नाव टाकलं होतं? तिचं काय झालं?"

शेजारी सरपंच होते, मुख्याध्यापक होते. बोलायला काही अडचण नव्हती. माझ्या तोंडात बिस्कीटसुद्धा नव्हतं. शेवटचं प्रकरण मला जवळजवळ पाठ आहे. मुलगी खरं सांगते, आई तिला जवळ घेते, खिडकीतून ऊन येतं. मी ते मनात पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासलं.

कामवालीच्या मुलीचं पुढे काय झालं ते पुस्तकात दिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं.