चुना-तेल लावलेली रेसिंग कार

आज अमावास्या. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय, माफ करा.

तात्या गेले.
आणि जाताना त्यांना माहीत होतं, की गाडी त्यांच्याच हातून मेली.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रेवदंड्याचे. सगळं आयुष्य होडीवर.

त्यांच्या परसातल्या गंजक्या सांगाड्याचा फोटो, ही माझी इथली शेवटची पोस्ट. कसला सांगाडा, असं तुम्ही विचारलं होतंत.

इटालियन रेसिंग कार.

संस्थानं गेली तेव्हा नागावच्या एका शेटजींनी ती एका संस्थानिकाकडून घेतली. मचव्यातून आमच्या बंदरात उतरवली. लाल. एकाच माणसाची सीट. ओहोटीला ओल्या वाळूवर शेटजी ती पळवायचे. धक्का मारायला तरणे तात्या.

साठ साल उजाडायच्या आत शेटजी परदेशी गेले. "नीट सांभाळ रे, येतो मी."

आले नाहीत.

तात्यांना सांभाळणं एकच ठाऊक. पावसाळ्याआधी नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारायचं. आणि होडीच्या बुडाला लावतात तसा, माशाच्या तेलात कालवलेला चुना अंगभर चोपडायचा. दरवर्षी. पत्र्याला भोकं पडायला लागली तेव्हा आणखी जाड.

काकी म्हणायची, "मना हलद लागली तवा पन एवढी माया न्हवती."

"शेट येल तवा त्याला काय दावू, तुला?"

तो फोटो बघून पुण्याचे एक जाणकार आले. सांगाड्यावरचा नंबर घासून वाचला आणि तिथेच खाली बसले. अशा गाड्या जगात मोजक्याच. ही कुठे गेली, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तात्या खूश. "मंग? ठेवली का न्हाय?"

"आजोबा, बॉडी ॲल्युमिनियमची होती. चुन्यानं खाल्ली. नुसती झाकून ठेवली असती तरी बरीच टिकली असती."

सभ्य माणूस. विचारलं म्हणून खरं सांगितलं.

तात्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पन मी तं दर वर्साला लावलं."

त्यानंतर ते होडीकडेही फिरकले नाहीत. यंदा तिला चुना लागलाच नाही.

मी म्हटलं, "तात्या, ती माया होती."

"गाडीला इचार, काय होती ती."

फोटो टाकला नसता तर? रोज विचारतो स्वतःला. आता उत्तर सापडलं तरी सांगायचं कुणाला?

तात्या, सुखानं या आता.

होडीच्या फळ्या कुजल्यात, आता चुन्यानं काही व्हायचं नाही, हे मला दिसतंय.

उद्या ओहोटीला: तात्यांच्या होडीला चुना-तेल लावायचं.