हळदीच्या गाण्यातून कापलेली ओळ

तुम्ही दोघांनी पाठवलेलं गाणं मी ऐकलं. 'आजी, हा आपला काका, इकडच्या पार्टीत वाजला,' असं तुम्ही कौतुकानं लिहिलं आहे. तुमच्या या काकाची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाची, कारकीर्द मी सुरुवातीपासून पाहत आले आहे. ती क्रमाने सांगते, म्हणजे कौतुक किती करायचं ते तुम्हांला ठरवता येईल.

शाळेत मी त्याला इंग्रजी शिकवलं. वहीत त्यानं कधी वाक्य पूर्ण केलं नाही. पुढे महाडमध्ये मिरवणुकीपुढच्या टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर लावून तो उभा राहू लागला. ज्या घरावरून टेम्पो जाई तिथली मांडणीवरची भांडी थरथरत, आणि तीच त्याला आपल्या कामाची पावती वाटे. मग मुंबईला गेला, लॅपटॉप घेतला, इंग्रजीतल्या स्वतःच्या नावातले सगळे स्वर काढून टाकले आणि 'प्रोड्यूसर' होऊन परत आला. त्यानं दिलेल्या कार्डावरचं नाव मी सवयीनं लाल पेनानं दुरुस्त केलं.

"तू वाजवतोस काय नेमकं?" मी विचारलं.

"वाजवत नाही, काकी. साउंड डिझाइन करतो."

"म्हणजे दुसऱ्यांनी गायलेलं कापतोस."

"तसं समजा," म्हणाला आणि हसला.

त्याला गोव्याच्या एका मोठ्या कार्यक्रमात शिरायचं होतं. तिथल्या लोकांना म्हणे मातीतलं काहीतरी हवं होतं. याचा मातीशी संबंध चपलेच्या तळव्यापुरता. म्हणून तो पोलादपूरच्या वरच्या वाडीत माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे गेला.

आपल्या घरात नवरीला हळद लावण्याआधी सर्वांत वडील बाई गाण्यातून घरातल्या वारलेल्या माणसांना बोलावते. एकेकाचं नाव घ्यायचं आणि केळीच्या पानावर चिमूटभर तांदूळ ठेवायचे. शेवटच्या ओळीत त्यांना मानानं परत पाठवायचं. ती ओळ झाल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही. जाऊबाईंनी नवऱ्याचं नाव जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही शेजारणीला सांगायला लावत. ते वारल्यानंतर त्यांनी नाव घेतलं, ते फक्त या गाण्यात. तिथे त्यांचा आवाज कापतो. यानं सगळं गाणं रेकॉर्ड केलं, चार घावणे खाल्ले आणि गेला.

गेल्या उन्हाळ्यात जाऊबाईंच्या नातीची हळद होती. भर दुपारी हा आपली यंत्रं मांडवात मांडून म्हणाला, "मोठी आई, आज तू गायचं नाहीस. मी तुलाच वाजवणार."

जाऊबाई पानासमोर तांदळाचं ताट घेऊन बसल्या. गाणं सुरू झालं. 'या हो मांडवाला' आणि नवऱ्याचं नाव, बस. मग धाडधाड. मग पुन्हा तेच नाव. बाकीचे पूर्वज यानं वगळलेच होते. जाऊबाईंनी चिमूट ठेवली. पुन्हा नाव आलं, पुन्हा ठेवली. बोलावलं की तांदूळ ठेवायचे, हा नियम. कोण बोलावतंय ते त्यांनी पाहिलं नाही. पोरं नाचत होती. हा माझ्याकडे बघून ओरडला, "बघा काकी, मोठी आईपण तालात आहे."

जाऊबाई तालात नव्हत्या, घाईत होत्या. पानावर ढीग झाला. ताट खरवडून त्या मला म्हणाल्या, "तांदूळ आण गो आणखी. ह्यो थांबत नाय."

शेवटी थांबला. जाऊबाई वाट पाहत राहिल्या.

"पाठवणी कुठं हाय रे?"

"कसली पाठवणी?"

"शेवटची ओळ. इतक्यांदा बोलावलास त्यांना, आता त्यांनी जायाचं कसं?"

"ती काढली, मोठी आई. तिथं तुला खोकला आला होता. आणि एनर्जी पण पडते तिथं."

"मग आता लाव."

"नाही राहिली. डिलीट केली."

जाऊबाईंनी पानावरच्या ढिगाकडे पाहिलं. "म्हंजी बोलवून दारात उभं ठेवलास. हळदीला हात लावू नका कुणी."

नवरी पाटावर बसून राहिली. यानं तेवढ्यात दुसरं गाणं लावलं होतं. गप्प बसलेला मांडव त्याला सहन होत नाही. मी उठले आणि वायर ओढली. चाळीस वर्षं वर्ग शांत केले आहेत, हा एक काय.

जाऊबाई गायल्या. फक्त ती ओळ. नेमक्या त्याच जागी खोकला आला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि ओळ पूर्ण केली. मग नातीला हळद लागली. तुमचा काका मोबाइल पुढे धरून उभा होता. मी तो शाळेतल्यासारखा काढून घेतला आणि संध्याकाळी परत दिला.

गाणं मात्र सुटलं ते सुटलंच. आता इकडे प्रत्येक मांडवात तेच वाजतं. वाडीत लांबून ऐकू आलं की जाऊबाई हातातलं काम ठेवतात, शेवटची ओळ म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. तुमच्या पार्टीतही ते वाजलं, म्हणजे इतक्या लांब तिथंही माझ्या थोरल्या दिरांना बोलावलं गेलं. वरंधच्या घाटापलीकडे भोरला आयुष्यात दोनदा गेलेला माणूस तो. तुम्ही नाचून घरी गेलात.

म्हणून ओळ खाली देते. पाठ करा. ते गाणं कुठेही वाजलं, तर संपल्यावर म्हणा:

'जेवलात, बसलात, आता उंबरा ओलांडा. दिवा मी धरते, जपून जा.'

खोकला आला, तरी पूर्ण म्हणा.