मागच्या चाकाचा ब्रेक

गल्लीत त्या दोघा भावांना कुणी नावाने हाक मारत नसे. एक थोरला आणि एक धाकटा. धाकट्याचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो धाकटाच राहिला. लग्नाचं त्याचं राहूनच गेलं. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत तो, थोरला भाऊ आणि वहिनी असा तिघांचा संसार. गॅरेज दोघांचं, पण कामाची वाटणी पक्की. इंजिन धाकट्याचं, ब्रेक थोरल्याचे. ब्रेकच्या कामाला थोरला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. "इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक येऊन शिव्या घालतं," तो म्हणायचा, "ब्रेक लागला नाही तर शिव्या घालायलासुद्धा उरत नाही." धाकट्याने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की थोरल्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य तोच पुरं करून टाकायचा.

एका सकाळी दाढी करताना थोरल्याच्या हातातून वस्तरा गळला आणि पाठोपाठ तोही खाली आला. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. अगदीच सगळं गेलं असं नाही. एक शब्द मागे राहिला. "नाही."

पाणी हवं का? नाही. ओठांशी पेला धरला की घटाघटा पिणार. झोप येतेय का? नाही. आणि तिथेच डोळा लागायचा. एकदा वहिनीने विचारलं, "अहो, मी कोण तुमची?" तर म्हणे, "नाही." वहिनी तेव्हा हसली. हसली आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "त्यांच्या तोंडाला तेवढाच शब्द सापडतो. त्याचा अर्थ धरून बसू नका." ते ऐकून घरात सगळ्यांना जरा हलकं वाटलं. 'नाही' ऐकायचं आणि आपलं काम करत राहायचं. त्याच बाईंनी असंही सांगितलं, की आवडीच्या, सवयीच्या गोष्टी समोर आणा, कधी कधी एखादी तार जुळते.

वहिनीने ते वाक्य पदराला गाठ मारावं तसं धरून ठेवलं. थोरल्याची सवयीची गोष्ट म्हणजे त्याची गाडी. ऐन उमेदीत एका वैतागलेल्या गिऱ्हाइकाकडून त्याने ती घेतली होती. गल्लीतल्या बाकीच्या जुन्या गाड्यांना मागे साधे ड्रम ब्रेक असायचे, हिला मागच्या चाकांनाही डिस्क. याचा थोरल्याला कोण अभिमान! आता ती शेडच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिचं मागचं एक चाक ब्रेकने जे धरून ठेवलं होतं, ते सोडायला तो ब्रेक तयार नव्हता.

"भावोजी, गाडी तेवढी चालती करा," वहिनी म्हणाली. "ह्यांना एक चक्कर मारून आणू. शेजारच्या सीटवर बसतील. गाडीत बसले ना, की बोलतील. माझं मन सांगतंय."

धाकट्याचं मन असलं काही सांगत नव्हतं. पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

सकाळचं ऊन शेडमध्ये आलं तेव्हा त्याने थोरल्याची खुर्ची कामाच्या टेबलाजवळ आणून ठेवली, मांड्यांवर चादर टाकली आणि गाडी जॅकवर चढवली. चाक काढलं. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन बाजूंनी आवळून धरणारा तो लोखंडी जबडा, गंजाने लाल झाला होता. ज्या पिनांवर तो सरकायचा त्या जाम. धाकट्याने हातोडीने ठोकून ठोकून त्या मोकळ्या केल्या. मग वहिनीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, "मी म्हणेन तेव्हा पेडल दाबायचं."

वहिनीने साडी सावरून पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. तेलाच्या दाबाने आतला पिस्टन कुरकुरत पुढे आला आणि शेवटी ब्रेक ऑइलच्या काळ्या चिळकांडीसकट धाकट्याच्या हातात पडला.

"झालं?" वहिनीने खिडकीतून विचारलं.

"निघालं तर खरं. आता बसलं पाहिजे."

थोरला बघत होता. डावा हात चादरीवर चाळवत होता. तो हात अलीकडे असाच चाळवायचा. बटणं, चादरीची किनार, जे सापडेल ते पिळत राहायचा.

कॅलिपर सुटा करून धाकट्याने तो टेबलावर घेतला. आत डोकावून पाहिलं तर मधोमध आटे पाडलेला एक जाड दांडा. पुढच्या ब्रेकमध्ये असलं काही नसतं. हँडब्रेकचं काहीतरी लचांड असेल, असं म्हणून त्याने तो पुसून घेतला. सील आणि धुळीचं रबर थोरल्याने कधीचं आणून खणात ठेवलं होतं, कागदात गुंडाळून, वर याच गाडीचं नाव घालून. धाकट्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्याने खाचा साफ केल्या, सील बोटाने गोल फिरवत नीट बसवलं, पिस्टनला ताजं ऑइल चोपडलं आणि तो तोंडाशी धरून दाबला. थोडा आत गेला आणि अडला.

"नाही," थोरला म्हणाला.

धाकट्याने मोठा क्लॅम्प आणला. एक टोक मागे, एक पिस्टनवर, आणि आवळायला सुरुवात केली. पुढच्या चाकांचे पिस्टन असेच आत जाताना त्याने पाहिले होते.

"नाही. नाही, नाही."

"अहो, असू दे, मी आहे ना इथे," वहिनी खुर्चीपाशी येऊन पदराने त्याचं तोंड पुसत म्हणाली. "पाणी देऊ का?"

"नाही!"

"दादा, होतंय बघ, होतंय," धाकटा दात आवळून म्हणाला. सगळं वजन टाकून त्याने क्लॅम्पला आणखी एक पीळ दिला.

आतून 'कट्' असा आवाज आला. छोटासाच. पण इंजिन उघडण्यात जन्म घालवलेल्या माणसाला कसला आवाज कशाचा हे सांगावं लागत नाही. पिस्टन भसकन आत गेला. कॅलिपरच्या पाठीवरची हँडब्रेकची कडी हलवून पाहिली तर लुळी पडलेली.

धाकट्याने वर पाहिलं. थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डावा हात चादरीवर नव्हता. तो वर उचललेला होता आणि बोटं हवेत फिरत होती, नळ बंद करावा तशी. एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा. हा पिस्टन दाबायचा नव्हता. दाबत दाबत फिरवायचा होता. आट्यांवर चढवायचा होता. आणि हात हे केव्हापासून सांगत होता, कुणास ठाऊक.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "त्याला कळत होतं."

वहिनीला आधी उमगलं नाही. धाकट्याने पिस्टन, दांडा, फिरणारी बोटं, सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. धाकट्याला वाटलं होतं तिला आनंद होईल.

"म्हणजे भावोजी," ती हळू म्हणाली, "सकाळी आंघोळीला नाही म्हणाले, ते? काल घास नको म्हणत होते, मी कोंबला, ते? त्या दिवशी माझी बहीण भेटायला आली, हे नाही नाही करत होते, आणि मी तिला ह्यांच्यासमोर आणून बसवलं, अशी लाळ गळत असताना..."

तिने खुर्चीसमोर बसकण मारली. "अहो, आम्ही बोलतो ते कळतं तुम्हाला?"

"नाही."

"खरंच नाही, की हो म्हणायचंय?"

"नाही."

"दादा, बरं," धाकटा पुढे झाला, "हो असेल तर माझा हात दाब."

थोरल्याने हात दाबला. वहिनी रडायला लागली. मग धाकट्याने विचारलं, "आणि नाही असेल तर?" थोरल्याने तसाच हात दाबला. मग दाबतच राहिला, आणि धाकट्याने हात सोडवून घेतल्यावर त्याच्या शर्टाच्या बाहीचं बटण पिळायला लागला.

त्यानंतर धाकट्याने जुन्या सामानवाल्यांना फोन केले. एकाने तर विचारलं, "त्या गाडीचं नाव अजून कुणी काढतं?" कॅलिपर कुठेच मिळाला नाही. आतले आटे नवे पाडून देईल असा जो एक कारागीर होता, त्याने तुकडे हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. गाडी जॅकवरच राहिली. पुढे जागा अडते म्हणून भंगारवाल्याला सांगितलं, तो साखळी लावून घेऊन गेला.

वहिनीने काही दिवस नवऱ्याचा शब्द पाळून पाहिला. नाही म्हणाला की घास खाली ठेवायची, नाही म्हणाला की अंग पुसायचं राहू द्यायची. पंधरवड्यात थोरला अंथरुणाला लागला. डॉक्टर तिच्यावर खेकसले, "उपाशी मारायचंय का माणसाला?" मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरवायला लागली. फरक एवढाच, की भरवताना आता ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. खिडकीबाहेर बघत अंदाजाने चमचा पुढे करायची.

धाकटा शटर उघडत राहिला. ब्रेकचं गिऱ्हाईक आलं की पलीकडच्या रस्त्यावरचं गॅरेज दाखवायचा. थोरल्याला जरा बरं वाटायला लागल्यावर तो त्याला रोज उचलून खाली आणायचा, चादर टाकायचा आणि खुर्ची दारात ठेवायचा. तोंड रस्त्याकडे, पाठ कामाकडे. दाराकडून कधीमधी 'नाही' ऐकू यायचं. धाकटा इंजिन जरा जास्त रेझ करायचा.