हवालदार आणि माझा गुलाबी साबण

नवी वस्तू घरात आली की हवालदार तिची झडती घ्यायचे. पेस्टची ट्यूब असो, काडेपेटी असो की दाढीचं ब्लेड, ती उजेडात धरायची, उलटीपालटी करायची, कानाशी हलवून बघायची आणि मग विचारायचं, "ह्यात लबाडी कुठं हाय?" लबाडी आहे की नाही हा प्रश्नच नसे, ती कुठे लपवली आहे एवढंच शोधायचं असे. ट्यूबच्या बाबतीत त्यांचा शोध पक्का होता. "तोंड बगा केवढं ठेवलंय. दाताला पायजे तांदळाएवढं, भाईर येतंय शेंगदाण्याएवढं. हे काय चुकून हुतंय व्हय? कंपनीत शिकलेली मान्सं बसवल्यात मास्तर, तोंड मोठं करायला."

मी सांगलीचा. वडूजच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. हवालदारांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली. ते पलटणीत बावीस वर्षं काढून पेन्शनीत आलेले, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी बंदुकीपेक्षा कोठीच जास्त सांभाळलेली. साबण, बूटपॉलिश, मोजे, ब्लँकेटं असलं सगळं त्यांच्या किल्लीखाली. त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या हाती लागली की तिला मरण नसे.

ब्लेड बोथट झालं की ते काचेच्या पेल्यात घालून आतल्या अंगाने बोटाने दाबून फिरवायचे. कर्र कर्र असा आवाज सकाळी घरभर. त्यातून आणखी आठ-दहा दाढ्या निघत. मीही एकदा हा प्रयोग केला. ब्लेडला धार आली की नाही ते कळायच्या आत बोट कापलं, दचकून पेला सोडला आणि तो फुटला. हवालदारांनी माझ्या बोटाकडे पाहिलंच नाही. पेल्याचे तुकडे गोळा करत म्हणाले, "पेला जाड बुडाचा घ्यायचा आसतोय, मास्तर."

काडेपेटीतल्या काड्या ते ब्लेडने उभ्या चिरत, एकीच्या दोन. अर्ध्या काडीला गूलही अर्धाच, त्यामुळे ती फुर्र करून विझे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, चुलीपुढे बसून एकामागून एक ओढत राहत. "आवं, तीन अर्ध्या वडल्या तवा चूल पेटली," त्या ओरडायच्या. हवालदार बाहेरून शांतपणे म्हणायचे, "वडायची पद्दत चुकती तुजी."

ट्यूब संपली की ती लाटण्याने लाटायची, मग कात्रीने पोट फाडून आतलं पुसून घ्यायचं. भांड्यांना राख, डोक्याला शिकेकाई, अंगाला बहुतेक दिवस डाळीचं पीठ. साबण फक्त सणाला आणि पाहुण्याच्या डोळ्यांसाठी. नवा साबण आणला तर ते तो सुरीने कापून तुकडे माळ्याजवळच्या फळीवर महिनोन्‌महिने वाळवत. "वला साबण न्हाणीतच निम्मा जातोय," म्हणायचे.

मागच्या दारी न्हाणी होती, त्यांना आणि मला मिळून एकच. मी राहायला आलो त्या दिवशी हवालदारांनी मला ती दाखवली, साबण ठेवायचा कोनाडा दाखवला आणि म्हणाले, "आमचं पाणी साबण लय खातंय बगा. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाई."

मी हसलो. मनात म्हटलं, चोरी व्हायच्या आधीच सफाई देणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला.

आणि झालं तसंच. सांगलीत जो गुलाबी साबण महिनाभर माझ्याबरोबर नांदायचा, तो वडुजात दहाव्या दिवशी पापडासारखा पातळ झाला. दुसरा आणला, तोही गेला. मी तपासाला लागलो. विज्ञानाचा माणूस, पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असा माझा बाणा. कंपासच्या टोकाने साबणावर माझ्या नावाचं अक्षर कोरलं, ते दोन आंघोळीत पुसलं गेलं. मग साबणाला दोरा घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा सैल. म्हणजे कोणी तरी आतून साबण काढून घेतो, असा शास्त्रीय निष्कर्ष मी काढला. इतक्यात हवालदारांनीच विचारलं, "मास्तर, साबणाला दोरा कशापायी बांदलाय?"

"हातातून निसटू नये म्हणून," मी म्हणालो.

"झकास युक्ती हाय," ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या कपड्याच्या साबणालाही दोरा लागला.

निर्ढावलेला माणूस, मी मनाशी म्हटलं. पुढचा साबण मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवू लागलो. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. तरी साबण दहा दिवसांत संपला. आता तरी एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती की गडबड दुसरीकडे आहे. मला आली ती शंका अशी की हवालदारांकडे दुसरी किल्ली असणार. कोठीवाला माणूस, त्याला काय अवघड? त्यातच एक दिवस भाडं द्यायला आत गेलो आणि फळीवर वाळत घातलेले साबणाचे तुकडे पाहिले. गुलाबी. बाजारात सगळ्यांनाच तो साबण मिळतो हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

त्याच सुमारास शाळेच्या वसतिगृहाला कोठी सांभाळायला माणूस हवा होता. हवालदारांनी अर्ज दिला. तांब्यात निखारे घालून स्वतःची खाकी पँट इस्त्री केली आणि हेडमास्तरांना भेटून आले. काकी मला म्हणाल्या, "तितं लागलं तर लय बरं हुईल बगा. घरात बसून मानूस वाळाय लागलंय. हितं मोजाय काय हाय? माज्या काड्या आन् माजी राख. तितं जरा मानानं मोजत्याल."

दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी मला बोलावलं. "तुम्ही त्यांच्याकडेच राहता. माणूस कसा आहे?"

"व्यवस्थित आहे," मी म्हणालो. तिथेच थांबायला हवं होतं. पण चहा चांगला होता आणि मला कोणी तरी महत्त्वाचं विचारत होतं. "फक्त साबणाचं जरा बघा."

"साबणाचं म्हणजे?"

"काही नाही हो. माझा जरा लवकर संपतो, एवढंच."

हेडमास्तर सावध गृहस्थ होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मी समाधानाने सांगलीची एस.टी. पकडली.

सांगलीत पहिल्या आंघोळीला मी सवयीने साबण खसाखसा अंगावर घासला आणि फेसाचा डोंगर झाला. डोळ्यांत, नाकात, कानांत फेस. तोंडावर पाणी मारत मी पाटावर बसलो होतो, आणि एकदम हात थांबला. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. ही व्याख्या मी पंधरा दिवसांपूर्वी आठवीच्या फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिली होती. पोरांकडून दोनदा म्हणवून घेतली होती. इकडे कृष्णेचं पाणी, तिकडे हवालदारांच्या विहिरीचं खारं पाणी. फेस येत नाही म्हणून मी रोज घासत होतो आणि साबण माझ्याच अंगावरून गटारात जात होता. चोर सापडला होता आणि तो उघडाच पाटावर बसला होता.

सुट्टी संपून वडुजात पोचलो तेव्हा दारातच काकी भेटल्या. नेहमीप्रमाणे हसल्या नाहीत. हवालदार ओट्यावर पलटणीचं सर्टिफिकेट घेऊन बसले होते, एकेक ओळ बोटाने वाचत. वसतिगृहाने दुसराच माणूस घेतला होता.

"मास्तर, इंग्रजी बगा जरा," ते म्हणाले. "ह्यात कुटं काय वंगाळ लिवलंय का? मला तर घावंना. पन काय तरी आसल्याबिगार का न्हाई म्हनतील?"

काकी भिंतीकडे बघून बोलल्या, "बावीस वर्सं कोठी सांबाळली म्हनं. मग गावातल्या मान्सांनी का इस्वास ठेवला न्हाई, ते कुनी तरी सांगा मला." पंधरा दिवस त्या नवऱ्याशी अशाच, भिंतीमार्फत बोलत होत्या.

मला तिथे सांगायची छाती झाली नाही. ट्रंक खोलीत टाकली आणि हेडमास्तरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, आठवीच्या धड्यासकट. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, माझ्यासमोर सांगा त्यांना."

अंगणात उभं राहून मी सांगितलं. हवालदारांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे पलटणीतनं काय आलं न्हवतं?"

"नाही. मीच बोललो होतो."

त्यांनी सर्टिफिकेटची घडी घातली आणि खिशात ठेवली. हेडमास्तर म्हणाले, "त्या माणसाला दुसरं काम देतो. तुम्ही सोमवारपासून या."

"नगं साहेब," हवालदार म्हणाले. "उद्या उंदरानं साबण कुरतडला तरी तुमी आदी माज्याकडं बगणार. बगू नये म्हनला तरी बगणार. आशा मान्सानं किल्ली घिऊ न्हाई." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमची ट्रंक भाईर काडा."

मला वाटलं, खोली सोडायला सांगतायत. काढली.

"उगडा. एकेक वस्तू भाईर ठिवा आन् सांगा, हाय का न्हाई."

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग मी अंगणात उकिडवा बसलो आणि माझे सदरे, पँटी, टॉवेल, दाढीचं सामान, विज्ञानाचं पुस्तक एकेक करून बाहेर ठेवत गेलो. "आहे," मी म्हणत होतो. हवालदार पाय जुळवून ताठ उभे होते. ट्रंकेचा तळ दिसला.

"काय कमी?"

"काही नाही."

"आजवर कवा काय गेलं?"

"नाही. कधीच नाही."

"मोठ्यानं बोला. आतपतुर जायला पायजे."

मी मोठ्याने बोललो. इतक्या मोठ्याने की शेजारच्या दारात दोन माणसं आली. हवालदार स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते आणि मी हवालदारांकडे.

आतून भांडं वाजलं.

"आवं, ऐकलं म्या," काकी म्हणाल्या. "आता त्या मास्तरची कापडं उचलू लागा, मातीत पडल्यात. च्या टाकलाय."

हवालदार खाली वाकले. माझा एक सदरा उचलून त्यांनी झटकला आणि कडेला कड लावून, सावकाश, त्याची घडी घालायला लागले.