शाबूत जागी मारलेली हातोडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, तेही खरं कारण नव्हे. सुरुवात तर करतो.

खेडला माझं गॅरेज आहे. जुनी गाडी घ्यायची तर लोक आधी मला दाखवतात. ते मीटर बघतात, मी चेसी — म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. आमच्या किनाऱ्यावर किलोमीटरपेक्षा खारं पाणी गाडी लवकर संपवतं. म्हणून मी पाठीवर झोपून खाली सरकतो आणि छोट्या हातोडीने वाजवत जातो. चांगलं लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून ऐकतं आणि त्या आवाजावर किंमत ठरते.

सदा माझा शाळेपासूनचा दोस्त. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत साहेबांची गाडी चालवण्यात त्याची उमर गेली. नोकरी सुटल्यावर त्याला तसलीच एक हवी होती — परदेशी, उंच, डोंगर चढणारी. पर्यटक फिरवीन म्हणायचा. आणि शैलावहिनींना पुढच्या सीटवर बसवीन, हे जरा लाजत म्हणायचा. नाटे बंदरातल्या एका बोटमालकाकडे ती मिळाली. अडीच लाख किलोमीटर पळालेली, तरी इंजिन असं की ऐकत राहावं. बोट ओढायला ती कितीदा समुद्रात उतरवली, हे मालक बोलला नाही. पण खाली ताजा काळा रंग होता. तो कशासाठी मारतात, हे मला माहीत नसेल का?

मी खाली सरकलो. मागच्या चाकापाशी अंगठा दाबला, तर रंगाखालचं लोखंड ओल्या पापडासारखं आत गेलं.

बाहेर सदाच्या चपला दिसत होत्या. "तू वाजव रे, मी आयकतो," तो म्हणाला.

आणि मी — हातोडी पुढे नेली. जिथे चेसी शाबूत होती तिथेच मारली. पुन्हा तिथेच. मग बाहेर आलो, कपडे झटकले आणि म्हटलं, घे, ठणठणीत आहे.

का? मालक मला काही देणार नव्हता. भीती तर कसलीच नव्हती. जन्मभर असल्या गाड्यांच्या खाली झोपलो मी, आणि सदा आत बसून बाजारातून जाणार — बघवत नव्हतं मला. त्याला गाडी मिळावी तर कुजकीच मिळावी, असं वाटलं. बंद पडेल, माझ्याच दारात येईल, एवढंच होईल म्हणून मनाची समजूत घातली. आत माणसं बसणार, हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं.

पावसाळा सरताना भोस्ते घाटात मागच्या चाकांचा ॲक्सल चेसीतून सुटला. गाडी गरकन फिरून डोंगरावर आदळली. सदाला खरचटलं. वहिनींचा गुडघा गेला.

इस्पितळात सगळे सदाला विचारत होते, गाडी तपासून घेतली नव्हतीस का. मी वहिनींच्या कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. उत्तर सदानेच दिलं. "ह्याने बघितलान तेव्हा ठणठणीत होती. मीच गुहागरला रेतीत घातली."

एकदाच घातली होती, वहिनींना फिरवायला. एका खेपेत चेसी कुजत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी मान हलवली — हो म्हटल्यासारखी.

वहिनी आता काठी घेऊन चालतात. सदा अजून त्यांची माफी मागतो, कधी कधी माझ्यासमोर मागतो. मी तिथेच बसून चहा पितो.

परवा तो भाच्यासाठी एक जुनी गाडी घेऊन आला. तुला सोडून कुणाला दाखवणार, म्हणाला. मी खाली सरकलो. बाहेर सदाच्या चपला, आणि शेजारी वहिनींच्या काठीचं टोक. दोघं ऐकत उभी होती. मी एकही जागा सोडली नाही, सगळी चेसी वाजवली. गाडी चांगली निघाली. तरी बराच वेळ मी बाहेर आलो नाही.